दुसऱ्या दुकानाचं कोटेशन

हेमावहिनींनी पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला, काउंटरवर ठेवून हातानं सारखा केला आणि रमणशेठनी नुकत्याच लिहून दिलेल्या कोटेशनच्या शेजारी सरकवला.

"भाऊजी, हे जरा बघता का?" त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात सोलापूरला आले होते ना, तेव्हा चौकातल्या त्या नव्या दुकानातनं घेतलं होतं. मला तर दोन्हीकडं सगळं सारखंच दिसतंय. पण हे दोन हजार चारशेनं कमी आहे."

रमणशेठनी चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही कागद वाचले आणि वहिनींकडं न बघता माझ्याकडं बघितलं. मग पोट हलवत हसले. म्हणाले, "साहेब, आता घरची मंडळीच तुम्हाला तपासायला लागली की."

दुकानात आणखी दोघं होते. त्यातला एक आमच्याच कारखान्याच्या शेतकी खात्यातला. तोही हसला. वहिनी हसल्या नाहीत, कारण त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. त्या बोटानं एकेक ओळ जुळवत होत्या. हार्डडिस्क ही, मॉनिटर हा, यूपीएस हा.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ही गोष्ट दोन हजार नऊ सालची, पण त्या पाळ्या मला अजून आठवतात.

आता माझं म्हणाल तर मी काही ऐरागैरा नव्हतो. बार्शीजवळच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होतो, आणि आमच्या माळवदे भाऊकीत कॉम्प्युटर म्हटलं की शिरीष, हे ठरलेलं होतं. कुणाचा पोरगा बारावी झाला, कुणी मेडिकलचं दुकान टाकलं, की पहिला फोन मला. यादी मी करायची, बरोबर मी जायचं, घासाघीस मी करायची आणि घरी येऊन जोडणीही मीच करून द्यायची. कुणाकडून कधी एक पैसा घेतला नाही. चहा, फार तर जेवण. हां, रमणशेठ मशीनमागं पाचशे रुपये माझ्या खिशात घालायचे, पण ते त्यांच्या नफ्यातनं. त्याला मी कधी दलाली म्हटलं नाही आणि दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपलं नसतं. पंधरा वर्षांत तेवीस मशीन घेऊन दिली होती मी. माझ्या यादीशेजारी दुसरा कागद आजवर कुणी ठेवला नव्हता.

हेमावहिनी म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ अरविंद, त्याची बायको. अरविंद बार्शीत भाड्याच्या घरात राहायचा आणि पुढच्या खोलीत टायपिंगचं काम करायचा. लग्नपत्रिका, हँडबिलं, दुकानांची बिलबुकं. दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि गेला. चौदाव्या दिवशी वहिनी त्याच्या खुर्चीवर बसल्या आणि अर्धवट राहिलेली एक पत्रिका पुरी करून गिऱ्हाइकाच्या हातात दिली. तशी बाई. टायपिंग त्या अरविंदकडं बघून बघून शिकल्या होत्या, पण हात असा बसला होता की भिंग घेऊन बसलं तरी चूक सापडायची नाही.

पण नुसत्या पत्रिकांवर घर चालत नव्हतं. थोरले दीर बाळूअण्णा, त्यांची कुर्डुवाडीला खानावळ होती. त्यांचा एकच धोशा, बार्शीची खोली सोडा, पोरीला घेऊन इकडं या, खानावळीत दोन हात लागतातच. म्हणजे पहाटेपासून पन्नास माणसांच्या चपात्या लाटायच्या आणि वर त्यांचेच उपकार मानायचे. वहिनींना मरेपर्यंत तिथं जायचं नव्हतं. तनुजा नववीत होती, पोरगी हुशार होती, वर्गात पहिली यायची.

त्यात त्या वर्षी ऑगस्टमध्ये ढगे सरांनी त्यांना एक काम देऊ केलं. सर एका शाळेचे हेडमास्तर. आसपासच्या एक्केचाळीस शाळांच्या प्रश्नपत्रिका एकत्र छापल्या जायच्या, त्या समितीचे प्रमुखही तेच. हातानं लिहिलेले पेपर लाखेची मोहोर मारलेल्या पाकिटांतून यायचे. टायपिंग करणाऱ्यानं ते दार लावून, एकट्यानं, स्वतःच्याच मशीनवर करायचे. दुसऱ्याचं मशीन चालायचं नाही की दुसऱ्याची नजर. आधीच्या माणसाकडून एक पेपर फुटला होता, म्हणून सर विश्वासाचं घर शोधत होते. सहामाही नीट पार पडली तर वार्षिकही वहिनींकडं, आणि मग दरवर्षी. त्या एका कामावर घरभाडं आणि पोरीचं शिक्षण दोन्ही निघालं असतं. "हे जमलं तर बार्शी, भाऊजी, नाहीतर कुर्डुवाडी," असं वहिनींनी मला सरळ सांगितलं होतं.

अरविंदचं जुनं मशीन टेकीला आलेलं. चालायचं, पण तास-दीड तासात तापून बंद पडायचं, मग पंखा लावून थंड करायचं आणि परत सुरू करायचं. एवढ्या मोठ्या कामाला त्याचा भरवसा नव्हता. वहिनींनी वीस हजार साठवले होते. वीस म्हणजे वीस, एकवीस नाहीत. माझी यादी बावीस हजार तीनशेवर गेली होती, पण वरचे पैसे दोन महिन्यांनी दिले तरी चालतील, असं मी रमणशेठकडून वदवून घेतलं होतं. एवढं सगळं करून ठेवलं, आणि तेवढ्यात हा कागद.

"बघा की वहिनी," मी म्हणालो, "स्वस्त मिळत असेल तर तिथंच घेऊ."

"तुम्ही रागावला नाहीत ना?"

"छे, राग कसला त्यात."

रमणशेठनी माझं कोटेशन चुरगळून टोपलीत टाकलं आणि शेतकी खात्याच्या माणसाला म्हणाले, बोला साहेब.

चौकातलं नवं दुकान म्हणजे नुसता झगमगाट. काचेचं दार, आत गारवा, गळ्यात टाय बांधलेली एक मुलगी. तिनं वहिनींना काळ्या रंगाचं एक छोटेखानी मशीन दाखवलं, अरविंदच्या मशीनच्या निम्म्या आकाराचं. वहिनी हरखल्या, पण भुलल्या नाहीत. लाइट किती खातं, किती तास सलग चालतं, बिघडलं तर माणूस बार्शीला येतो का, असं एकेक विचारत गेल्या. मी खुर्चीवर बसून राहिलो. एरवी असल्या ठिकाणी मी कुणाला तोंड उघडू देत नाही. त्या दिवशी म्हटलं, चालू द्या. मग वहिनी उठल्या आणि मशीनच्या पाठीमागं जाऊन वाकून बघायला लागल्या.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. अरविंदचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर अस्सल, पैसे मोजून घेतलेलं होतं. त्याच्याबरोबर कंपनीनं एक लॉक दिलं होतं. आगपेटीएवढी डबी. मशीनच्या पाठीमागं प्रिंटरची वायर बसायची जी लांबट खाच असायची, त्यात ती खोचायची. ती असली तर मराठी अक्षरं उमटायची, काढली की सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. बार्शीतले छापखानेही त्याच सॉफ्टवेअरची फाइल घ्यायचे, दुसरं काही चालायचं नाही.

आणि नव्या मशीनना ती लांबट खाच नसायची. प्रिंटर आता यूएसबीवर चालायला लागले होते, म्हणून ती काढूनच टाकलेली. माझ्या यादीतला मदरबोर्ड आठशे रुपयांनी महाग का होता? त्याला ती खाच होती म्हणून. मी चार ठिकाणी फोन करून तो शोधला होता. हे रमणशेठच्या दुकानात एका वाक्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. ज्यानं तेवीस मशीन घेऊन दिली त्यानं आपल्या यादीची वकिली करायची, तीही चार माणसांत? आपण होऊन कागद काढलात ना, मग निस्तरा आपण होऊन, असं माझ्या मनात होतं.

पण वहिनींच्या ते ध्यानात आलंच.

"भाऊजी, आपलं लॉक बसायची खाच कुठंय ह्याला?" त्यांनी विचारलं. आणि पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. लॉक त्यांनी बरोबर आणलं होतं. सॉफ्टवेअरची सीडीसुद्धा आणली होती. म्हणाल्या, "इथंच लावून बघूया का?"

टायवाली मुलगी माझ्याकडं बघायला लागली. असलं लॉक तिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी नुसता गप्प बसलो असतो तरी खाच नाही, लॉक बसत नाही, हे तिथल्या तिथं उघड झालं असतं आणि वहिनी माझ्या यादीकडं परत आल्या असत्या. माझी मान ताठ राहिली असती. पण नाही. पीळ एकदा पडला की पडला.

"ते आत ठेवा वहिनी," मी हळूच म्हणालो. "दुकानातल्या करंटचा काही नेम नसतो. लॉक जळलं म्हणजे?"

त्यांनी घाबरून पुरचुंडी बांधली. "मग खाचेचं काय?"

"आता सगळं यूएसबीवर चालतं. दीडशे रुपयांची जोडवायर मिळते, तिच्या एका टोकाला तीच खाच असते. मी आणून देतो."

"म्हणजे आपलं काम चालंल ना ह्यावर?"

"चालंल की."

जोडवायर मिळते, हे खरं होतं. तिच्यावर प्रिंटर चालतो, हेही खरं. पण लॉक चालत नाही. आमच्या कारखान्यात हिशेबाच्या सॉफ्टवेअरला असंच एक लॉक होतं, त्यासाठी मी दोन वर्षांपूर्वी चार दिवस झटलो होतो आणि हात टेकले होते. म्हणजे मला ठाऊक होतं. उगाच अंदाजानं नव्हे, चांगलं ठाऊक होतं.

मग त्या मुलीनं सांगितलं की जुनं मशीन दिलं तर पंधराशे रुपये कमी होतील. वहिनी घुटमळल्या. जुनं राहू दे का अडीनडीला, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, अडगळ कशाला ठेवता, पंधराशेत तनूची गणिताची शिकवणी लागेल. तनूचं नाव मी मुद्दाम घेतलं.

"तुम्ही म्हणताय तर देऊ," वहिनी म्हणाल्या.

गुरुवारी दुकानाची गाडी बार्शीला आली, नवं मशीन उतरवलं आणि जुनं घेऊन गेली. वहिनींनी नव्या मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, शेजारच्या चार घरांत पेढे वाटले. संध्याकाळी मी जोडणी करून दिली तेव्हा मलाही दोन पेढे दिले. ढगे सरांची अकरा पाकिटं आदल्या दिवशीच आली होती. कपाटात कुलपात होती. चोवीस तारखेला सगळ्या फायली छापखान्यात पोचल्या पाहिजेत, असं सर बजावून गेले होते. त्या दिवशी दहा तारीख होती.

जोडवायर काय, बार्शीतही मिळत होती. मी रविवारी आणली. लावली. वहिनींनी स्वतःच्या हातानं लॉक खोचलं, देवाचं नाव घेतलं आणि सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर एक चौकोन आला, लॉक सापडत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, होतं असं पहिल्यांदा, थांबा.

आणि मी अडीच तास बसलो. हे टाकलं, ते काढलं, मशीन दहा वेळा बंद करून चालू केलं. मेलेल्या माणसाला डॉक्टरनं सलाइन लावून ठेवावं तसला प्रकार. वहिनींनी दोनदा चहा केला, उपमा केला. तनू दारात उभी राहून माझ्या बोटांकडं बघत होती. मी निघालो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुम्ही किती करताय आमच्यासाठी, भाऊजी."

हे नको होतं मला! मला काय हवं होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही उगाच दुसरं काही समजायला नको. त्यांनी एकदा म्हणावं, भाऊजी, तुमच्या यादीवर जायला पाहिजे होतं, माझं चुकलं. एवढंच. ते म्हणाल्या असत्या तर मी त्याच पावली सगळं मार्गी लावलं असतं. पण त्यांना आपण काही चुकीचं केलंय हेच सुचत नव्हतं. रोज संध्याकाळी मी कारखान्यातून सुटलो की त्यांच्याकडं जायचो, तासभर बसायचो, आणि रोज त्या माझे आभार मानायच्या. आभार मानले की मला आणखी चीड यायची.

वहिनी काही हातपाय गाळून बसल्या नव्हत्या. त्यांनी पुण्याला त्या कंपनीत फोन केला. कंपनी म्हणाली, नव्या पद्धतीचं लॉक मिळेल, पण नवीन सॉफ्टवेअरच घ्यावं लागेल, आणि त्याचे पैसे मशीनपेक्षा जास्त. जुनं मशीन परत मिळेल का म्हणून सोलापूरच्या दुकानात फोन केला, तर ते भंगारात गेलेलं. एकदा माझ्याजवळ हळू आवाजात म्हणाल्या की असल्या सॉफ्टवेअरची चोरीची सीडी मिळते म्हणे, तिला लॉक लागत नाही. मिळत होती. दोनशे रुपयांना. मी म्हणालो, "प्रश्नपत्रिकांचं काम आणि चोरीची सीडी? ढगे सरांना कळलं म्हणजे?" त्या एवढ्याशा झाल्या. पुन्हा तो विषय काढला नाही.

एकोणीस तारखेला शनिवारी मी गेलो तर ढगे सर आधीच येऊन बसलेले होते. पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी, समोर न प्यालेला चहा. सर तसे भले माणूस. त्यांनी वहिनींना एका शब्दानं टाकून बोललेलं मी ऐकलं नाही. पण पाच दिवस उरले होते आणि एक ओळ टाइप झाली नव्हती. वहिनींनी त्यांना सांगितलं होतं की आमचे भाऊजी रोज येऊन झटतायत, ते कारखान्यात कॉम्प्युटरचे मोठे साहेब आहेत.

सरांनी मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, "माळवदे साहेब, मला यातलं कळत नाही. तुम्ही जाणकार. ह्या बाईंना काम द्यावं अशी माझी फार इच्छा आहे. सोमवारपर्यंत हे चालू होईल का, एवढंच सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी तुमच्या शब्दावर थांबतो."

तुमच्या शब्दावर. बघा, परका माणूस माझ्या शब्दावर थांबायला तयार होता.

मी वहिनींकडं बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी थांबलो. बरंच थांबलो. म्हटलं, आता तरी म्हणतील. सरांच्या समोर म्हणतील, की सर, भाऊजींनी चांगली यादी करून दिली होती, मीच ऐकलं नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

"सर, खोटं कशाला बोलू," मी म्हणालो, "सांगता येत नाही."

सरांनी मान हलवली. वहिनींनी कपाट उघडलं आणि अकरा पाकिटं मोजून टेबलावर ठेवली. मोहोरा सगळ्या शाबूत आहेत, बघून घ्या सर, असं म्हणाल्या. सरांनी ती पिशवीत भरली. जाताना तनूच्या डोक्यावर हात ठेवला. तनू सरांच्याच शाळेत होती.

घरी आलो तर आमची पुष्पा खोली झाडत होती. तिनं खाटेखालून एक जुनं मशीन बाहेर ओढलं होतं आणि त्याच्यावरची धूळ पुसत होती.

"हे हेमावहिनींसाठी आणलंय ना तुम्ही?" तिनं विचारलं. "मागच्या सोमवारी आणलंय. कधी नेऊन देणार?"

होय, आणलं होतं. रविवारी जोडवायर चालली नाही आणि सोमवारी मी सोलापूरला रमणशेठकडं गेलो. त्यांच्या मागच्या खोलीत जुनी मशीन पडलेली असायची. त्यातलं एक चांगलं, मागं लांबट खाच असलेलं, मी नऊशे रुपयांना घेतलं. कारखान्यातलं लॉक लावून तपासलंही. दिवसभर चाललं, तापलं नाही, काही नाही. वहिनींच्या घरी नेऊन लावलं असतं तर पंधरा मिनिटांत मराठी अक्षरं उमटली असती. सहा दिवस ते माझ्या खाटेखाली होतं आणि मी त्याच्यावर झोपत होतो. माझा बेतच तसा होता. त्या म्हणतील माझं चुकलं, आणि मी म्हणेन, असू द्या वहिनी, आणि दुसऱ्या मिनिटाला मशीन घेऊन दारात हजर. फार झकास दिसलं असतं ते.

मी पुष्पाला सांगितलं की ढगे सर पाकिटं घेऊन गेले.

तिनं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आत्ता जा. सरांचं घर काय लांब नाही. मशीन रिक्षात घाला आणि जा."

"आणि काय सांगू?"

"मिळालं म्हणून सांगा."

"कधी मिळालं, असं विचारतील ना."

मी खाटेवर बसलो, पुष्पा उभी होती, मधे ते मशीन. कितीतरी वेळ मी मनात जुळवत होतो. आजच मिळालं म्हणावं, तर रमणशेठ बार्शीत येतात-जातात, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तासाभरापूर्वीच सांगता येत नाही, असं मी सरांना म्हणालो होतो, त्याचं काय? लोक काय म्हणतील? शेवटी मी उठून हातपाय धुतले आणि जेवायला वाढ म्हणालो. तिनं वाढलं. त्या रात्रीपासून पुढं बरेच महिने तिनं मला कामापुरतंच विचारलं, आणि तिच्या माहेरच्या कुणालाही कॉम्प्युटर घेऊन द्यायचा नाही, असं एकदा बजावलं.

सरांनी काम सोलापूरच्या कुणाला तरी दिलं. दसऱ्यानंतर बाळूअण्णांनी कुर्डुवाडीहून टेम्पो पाठवला. तनूचा दाखला काढला. वर्ष मधेच सोडून चालली म्हणून शाळेतल्या बाई रडल्या म्हणे. मी सामान भरायला गेलो. जायलाच पाहिजे, घरचा माणूस. भांडी, गाद्या, अरविंदची खुर्ची, आणि सगळ्यात शेवटी खोक्यात बांधलेलं ते नवं मशीन. कुर्डुवाडीला अण्णांची पोरं त्याच्यावर गेम खेळतील, असं तनूच म्हणाली. मी दोरी आवळत होतो तेव्हा वहिनी जवळ आल्या.

"भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल?"

म्हटलं, पुष्पा बोलली वाटतं.

"माझं नेमकं कुठं चुकलं, सांगा ना," त्या म्हणाल्या. "मी रोज विचार करते. मी सगळं विचारून घेतलं होतं. लॉकसुद्धा बरोबर नेलं होतं. तरी कुठंतरी चुकलंच असणार. तुम्ही एवढे रोज येऊन बसलात, तुमच्यानंसुद्धा झालं नाही, म्हणजे चूक मुळातच झाली असणार ना?"

मी दोरीची गाठ मारली. गाठ नीट बसली का बघितलं. अजूनही सगळं सांगता आलं असतं. टेम्पो उभाच होता, खोलीची किल्ली अजून मालकाला दिलेली नव्हती. सरांकडं जाऊन वार्षिकचं काम तरी मागता आलं असतं.

"तुम्ही त्या दिवशी दुसऱ्या दुकानाचं कोटेशन काढायला नको होतं, वहिनी," मी म्हणालो. "मी केलेल्या यादीत त्या खाचेचा मदरबोर्ड होता."

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील, मग तेव्हा का नाही सांगितलंत? चालंल की, असं का म्हणालात? एवढ्या हुशार बाईला तो प्रश्न पडायला हवा होता. पण माझ्याविषयी तसा प्रश्न पडावा, असं त्यांच्या मनातच कधी आलं नव्हतं.

"मला वाटलं दोन हजार वाचतील," त्या म्हणाल्या. "लोभ नडला. तुमच्या शब्दावर जायला पाहिजे होतं, भाऊजी. माझंच चुकलं."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. तनू पुढं बसली होती, तिनं मान वळवली नाही. वहिनी थोरल्या, तेव्हा निघताना पाया पडायचं ते मी, अशी आमच्याकडची रीत. मी वाकलो आणि त्यांच्या पायांना हात लावला.

"सुखी राहा," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखा दीर नशिबानं मिळतो."

मग त्या चढून बसल्या आणि टेम्पो कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागला. खोटं कशाला बोलू, इतकी वर्षं झाली आता. त्या चुकलं म्हणाल्या ना, ते ऐकून मला बरं वाटलं होतं. चांगलं दोन-तीन दिवस बरं वाटत होतं.